चालता चौकोन

९ जानेवारी १९८३, रविवार

मी खोटं लिहिलं. आधी ते इथं कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. फॉर्मवर एक रकाना होता, 'उघड्यावरील शिबिराचा अनुभव'. मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'आहे. तीन वर्षे.'

खरा अनुभव असा, की नांदेडच्या हॉस्टेलात ढेकूण फार झाले तेव्हा आम्ही सगळ्या दोन रात्री गच्चीवर झोपलो होतो. बस.

पण करू काय? ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचं पहिलं गाईड शिबिर येत्या २५ फेब्रुवारीला लातुरात आहे. माझ्या माळेवाडीच्या शाळेतल्या सातवीच्या नऊ पोरींनी अजून लातूर पाहिलेलं नाही. त्या जातात फक्त मामाच्या गावाला, आणि दोन-तीन वर्षांनी जातील थेट सासरी. त्याच्या आधी एकदा, फक्त तीन दिवस, त्यांनी स्वतः उभारलेल्या तंबूत झोपावं, असं मला फार म्हणजे फार वाटतं. त्यासाठी दोन अटी. ६ फेब्रुवारीला परीक्षक येऊन कॅप्टनची, म्हणजे माझी, परीक्षा घेणार. आणि निदान आठ पालकांची लेखी संमती पाहिजे. आजपर्यंत आलेल्या संमत्या: शून्य. पार्वतीबाई म्हणाली, "बाई, पोरगी लातूरला गेली तर धाकटं लेकरू कोण बघंल? तुमी?"

तर मी आज शेषेरावांचा माळ भाड्यानं घेतला, दोन महिन्यांसाठी. अर्धा एकर मुरूम. यंदा पावसानं असा दगा दिला की तिथं गवतसुद्धा उगवायला लाजलंय. शेषेराव ओट्यावर बसले होते, मी खाली. त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, चहा दिला, बाजूला ठेवलेल्या दांडी तुटक्या कपात, नेहमीसारखा.

"पेरणार काय, बाई?"

"काही न्हाई."

"मंग?"

"सराव करणार."

मी शुद्धीवर यायच्या आत त्यांनी भाडं कनवटीला लावलं.

आईला सांगितलं तर ती भाकर थापता थापता थांबली. "तुला शिकवलं कशाला? तीन दगडांवरून उठावं म्हणून. आन् तू पदरचं देऊन पुन्हा तीन दगडं मांडून राहिलीस!"

१२ जानेवारी, बुधवार

गाईडच्या पुस्तिकेत लिहिलंय, 'दोन काड्यांत चूल पेटवा.' मी एक अख्खी काडेपेटी संपवली. चूल पेटली नाही, पदर पेटला! थोडासाच. विझवताना मी जो नाच केला तो शेजारच्या वावरातून निवृत्तीनं पाहिला. हा निवृत्ती शेषेरावांचा चुलत भाऊ, बांधाला बांध, आणि दोघांचं बोलणं बंद. तो रुमाल तोंडात कोंबून बराच वेळ बांधाआड बसला होता.

निवारा मात्र फक्कड झाला. कडब्याच्या पेंढ्या टेकवून असा सुंदर आडोसा केला की मी स्वतःच आत बसून गाणं म्हटलं. शाळा सुटल्यावर जाऊन बघते तर निवारा नाही. निवृत्तीची म्हैस उभी, डोळे मिटून रवंथ करत. दुष्काळात कडब्याचं घर बांधणारी जगाच्या पाठीवर मीच पहिली असेन. आई हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "तुराट्या घे. त्या म्हशीचा बाप बी खात न्हाई."

१४ जानेवारी, शुक्रवार

आज येळवस, वेळ अमावस्येचा सण. सगळं गाव वावरात. पूजेच्या कोप्या यंदा तुराट्यांच्याच, आंबील पातळ, भज्जीत भाज्या मोजून चार, पण हौसेला मोल नाही. मी म्हटलं, सुट्टी आहे तर शिबिराची जागा आखून घ्यावी. चार खुंट्या, सुतळी, मध्ये बांबूला निशाण. होकायंत्र धरून उत्तर काढली, पावलं मोजली, वहीत नकाशा काढला. मान वर करते तर भोवती पन्नास माणसं. हातातले बाजरीचे उंडे हातातच.

शेषेरावांनी विचारलं, "बाई, हे कशाचं म्हणावं?"

"आखणी आहे," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात लातूरहून मोटार येणार, तपासायला. पास झालं की काम सुरू."

मग शेषेराव हळूच म्हणाले, "लातूरहून? म्हंजे नव्या जिल्ह्याकडून?"

"हाव. नव्या जिल्ह्याचं हे पहिलंच."

काय सांगू, गाईड चळवळीबद्दल एवढा आदर मी नांदेडातही पाहिला नाही! केवळाबाई स्वतः आल्या, मला त्यांच्या कोपीत नेऊन सगळ्यांच्या पंगतीत बसवलं, अगदी शेषेरावांच्या आईशेजारी. भज्जी तीनदा वाढली. आई हातातला घास खाली ठेवून माझ्याकडं बघत होती. घरी येताना म्हणाली, "पंचे, ह्या लोकांनी तुला काय समजून घेतलंय, ते जरा बघ."

"कॅप्टन समजून घेतलंय," मी म्हटलं.

१८ जानेवारी, मंगळवार

माझी पावलं चुकतात. दुसरं काय! काल चौकोन शेषेरावांच्या विहिरीच्या बाजूला होता. आज सकाळी तो दहा-बारा पावलं निवृत्तीच्या बांधाकडं. सुतळी ताठ, गाठी पक्क्या (माझ्याहून जरा बऱ्याच), पण जागा भलतीच. मी पुन्हा मोजलं, पुन्हा रोवलं. डोळ्यांचा नंबर वाढला असावा.

२० जानेवारी, गुरुवार

चौकोन आज निवृत्तीच्या वावरात! अर्धा तरी. निवृत्ती तिथंच उभा होता, अंघोळ करून, टोपी घालून. म्हणाला, "बाई, हिकडली जमीन लई कडक हाय. पाया चांगला बसंल." मला इतकं भरून आलं. या माणसाला तंबूच्या खुंटीची किती जाण!

२१ जानेवारी, शुक्रवार

चौकोन परत शेषेरावांच्या विहिरीपाशी. मला वेड लागेल. दिवसभर वर्गात येरझाऱ्या घालून पावलं मोजली. पोरीही मागं मागं मोजायला लागल्या. हेडमास्तर दारातून बघून निघून गेले.

२३ जानेवारी, रविवार

नऊच्या नऊ संमत्या! नऊ! मी नाचले, आईला गरागरा फिरवलं, ती "अगं कंबर, कंबर" करत राहिली.

झालं असं. सकाळी समाजमंदिरापुढं पालकांना बोलावलं आणि भाषण केलं. स्वावलंबन, उघड्यावरचं जगणं, संकटात मदत. मी म्हटलं, "आज तुम्ही विश्वास टाका, उद्या ह्याच माळावर आपल्या गावाचं नाव होईल." पार्वतीबाई उठली. हीच ती, लेकरू कोण बघंल म्हणणारी. म्हणाली, "बाई, तुमी आमचं बघून राहिल्या, आमी तुमचं बघतो. आणा, कुटं अंगठा मारू?" मग रांगच लागली. ज्यांच्या पोरी पथकात नाहीत तेसुद्धा अंगठा पुढं करून उभे. मी त्यांना प्रेमानं परत पाठवलं.

भाषणाची ताकद काय असते बघा. मी उगाच डी.एड. केलं, पुढारी व्हायला पाहिजे होतं.

आईचं तोंड मात्र उतरलेलं. "खरं सांगून टाक," म्हणाली. तिला वाटतं फॉर्मवरचं खोटं सांगावं. पालकांचा त्याच्याशी काय संबंध?

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदनाला मला खुर्ची! सरपंचांच्या शेजारी. नंतर शेषेरावांकडं चहा, ओट्यावर, घरातल्या कपात. कपाला बशी होती, बशीवर गुलाबाची फुलं. मी गाईडचा स्कार्फ घातला होता. स्कार्फानं माणूस किती बदलून जातो नाही? असं वरती लिहिलं खरं, पण तो कप हातात धरून मला काहीतरीच झालं. आईला अजून तसा कप मिळालेला नाही. घरी येऊन थोडी रडले आणि मग तीन काड्यांत चूल पेटवली.

३० जानेवारी, रविवार

आज बायका माळावर आल्या, आमच्या वस्तीतल्या, वरच्या आळीतल्या, मिळून मिसळून. "बाई, आमचं नाव घ्या की."

"कशात?"

"तुमी जे काढून राहिल्या त्यात. आमी समदं करू. खंदू, उचलू, वाहू."

माय माय! प्रौढ महिलांचं गाईड पथक! हे पुस्तिकेतसुद्धा नाही. मी वही काढली. नाव, वय, अंगठा. चौपन्न जणी! केवळाबाईंनीसुद्धा इकडं तिकडं बघून हळूच अंगठा मारला. एका म्हातारीनं विचारलं, "बसून करायचं काम हाय का वो?" मी म्हटलं, "गाठी मारायचं देऊ तुम्हाला." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

आईला वही दाखवली. तिनं एकेक अंगठ्यावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही, तरी तिनं सगळी पानं उलटून पाहिली. मग म्हणाली, "रविवारी मोटार येईल तवा मी तुझ्याजवळ उभी राहीन."

"अगं, परीक्षा माझी आहे."

"म्हणूनच."

६ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहूनच झोपणार.

दहा वाजता जीप आली. सिद्धम्माबाई, उदगीरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरं लुगडं, हातात छडीसारखी छत्री. आणि सगळं गाव हलगी घेऊन! शेषेरावांनी हार घातला. तिकडून निवृत्तीनं दुसरा हार घातला. सिद्धम्माबाई माझ्याकडं वळल्या, "अय्यय्यो, काय चाललंय हे?" मी म्हटलं, "मॅडम, आमच्या गावाला गाईडची फार आवड."

तेवढ्यात शेषेराव हात जोडून म्हणाले, "बाईसायेब, तलाव आमच्याच माळावर बसवा, हिरीला पाणी लागंल. बाईंनी आमच्याकडंच आखलाय."

"खोटं हाय!" निवृत्ती ओरडला. "आज सकाळी माझ्या वावरात व्हता!"

"कोणता तलाव?" सिद्धम्माबाई म्हणाल्या. "मी मुलींच्या शिबिराची परीक्षा घ्यायला आलेय. चूल, गाठी, तंबू."

हलगी थांबली. मला आत्ता आत्ता, लिहिताना, तो हलगी थांबल्याचा आवाज येतोय. सगळं एकदम उलगडलं. दोरी, खुंट्या, निशाण, वही, लातूरची मोटार. पंगतीतलं जेवण. खुर्ची. कप. दुष्काळाचं काम आलं असं वाटलं होतं त्यांना, आणि मी गाढवीण भाषणं ठोकत होते.

पार्वतीबाई पुढं आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मंग आमची नावं कशाला लिवली, बाई? मी लेकरांना सांगितलं, आठ दिवस दम काढा म्हणून." माणसं एकेक करून निघून गेली. हार सिद्धम्माबाईंच्या गळ्यात तसेच.

परीक्षा झाली. कशी झाली विचारू नका. चूल दुसऱ्या काडीला पेटली, ते मी पाहिलंसुद्धा नाही, मला धूर दिसेना, पाणी दिसत होतं. आई शेवटपर्यंत शेजारी उभी होती. सिद्धम्माबाईंनी छत्रीनं सगळ्या गाठी टोचून बघितल्या आणि कागदावर 'पास' लिहिलं. मग म्हणाल्या, "पोरी, आठ संमत्या लागतात. तेवढ्या टिकव."

संध्याकाळपर्यंत सहा जणी येऊन संमतीचे कागद परत घेऊन गेल्या. नव्हत्या रागावलेल्या. फक्त कागद मागितला.

७ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत गेले. पोरी पावलं मोजत नव्हत्या.

मी आईवर ओरडले. "तुला कळलं होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं. तू नाचून राहिली व्हतीस." मग ती माझ्याजवळ येऊन बसली. "बहात्तरला मी उमरीच्या तलावावर खडी फोडली. तू नांदेडला हॉस्टेलात व्हतीस. तुला न्हाई सांगितलं, तुझं मन लागणार न्हाई म्हणून. तितं एक मुकादम म्हणायचा, एकएकटी येऊ नका, अंगठे गोळा करून आणा. आता तर म्हणं कायदाच हाय. पन्नास माणसांनी लिहून काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यावंच लागतं. तुझ्या वहीत किती हायत?"

चौपन्न.

मी आईचा हात हातात घेतला. तिच्या हातावर त्या जुन्या खुणा आहेत, अंगठ्याच्या बुडाशी. मला इतकी वर्षं वाटायचं चुलीनं भाजलेल्या.

१० फेब्रुवारी, गुरुवार

किरकोळ रजा टाकली. पाय सुजलेत, तोंड रंगलंय, मन इतकं हलकं की छताला लागेल!

दोन दिवस दारोदार गेले. प्रत्येकीला आधी म्हटलं, "माझं चुकलं." मग म्हटलं, "वहीतली नावं खरी करू. येता का अहमदपूरला तहसिलात, काम मागायला?" पार्वतीबाईनं दार अर्धंच उघडलं होतं. "आन् न्हाई दिलं काम तर?"

"तर पुन्हा जाऊ."

"बाई, तुमाला ह्याच्यात काय? पोरीची संमती पाहिजे?"

"पाहिजे," मी म्हटलं. "लई पाहिजे. पण तुम्ही दिली नाही तरी मी येणार." तिनं दार पूर्ण उघडलं आणि चप्पल शोधायला लागली. चप्पल सापडली नाही, तशीच निघाली.

चौपन्नपैकी त्रेपन्न आल्या. बसून करायच्या कामाची म्हातारी आली, एक बाळंतीण तेवढी राहिली. शेषेरावांना न सांगता केवळाबाई आल्या. नऊ किलोमीटर. पहिल्या किलोमीटरात सगळ्या पांगून चालल्या. मग मला राहवेना, मी शिट्टी काढली आणि म्हटलं, "दोन-दोनच्या रांगा! डावा, उजवा!" आधी हसू, मग खरंच रांगा. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि सलाम ठोकला. वाटलं असेल, नव्या जिल्ह्याची नवी पोलीस.

तहसिलात कारकुनानं चष्मा वर केला. "कोणत्या पक्षाच्या?"

"माळेवाडीच्या," पार्वतीबाई म्हणाली.

त्यानं दरखास्त वाचली, अंगठे मोजले, बायका मोजल्या, अंगठे पुन्हा मोजले. "एक कमी हाय."

"बाळंत झाली," त्रेपन्न जणी एका सुरात. त्यानं घाईघाईनं शिक्का मारून पोच दिली. बाहेर आल्यावर आम्ही हाटेलात चहा घेतला, ग्लास कमी पडले म्हणून एकेका ग्लासात दोघी-दोघी. केवळाबाईंच्या वाट्याला आई आली. दोघींनी अर्धा-अर्धा प्यायला आणि पान खाल्लं.

१३ फेब्रुवारी, रविवार

पार्वतीबाई आली. संमतीचा कागद दारात ठेवला, वर दगड ठेवला, गेली. संध्याकाळपर्यंत दारात सहा दगड.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

पोरी रोज माळावर येतात. माझ्याहून भराभर गाठी मारतात. आणि नवल म्हणजे चौकोन आता जागचा हलत नाही. दहा दिवस झाले, खुंटी अन् खुंटी जिथल्या तिथं. शेवटी सरावाला पर्याय नाही. निवृत्तीला तसं म्हटलं तर तो उगाच खोकत निघून गेला.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

काम आलं! फाट्यापर्यंतच्या रस्त्याची खडी. उद्या सकाळी सातपासून. पंधराव्या दिवशी! गाव नुसतं उकळतंय. मीही ओरडत फिरले.

आणि दुपारी, पिशवी भरताना, डोक्यात उजेड पडला. उद्या. उद्याच आमची सातची गाडी आहे. सगळ्या आया खडीवर जाणार, घरातली लहान लेकरं कोण बघणार? ह्याच नऊ पोरी.

संध्याकाळी पथकातल्या दोन पोरी येऊन बारीक आवाजात म्हणाल्या, "बाई, आमचं जमत न्हाई बगा." मी म्हटलं, "कळलं गं, बाई." दार लावून घेतलं आणि मग पायरीवर बसून रडले. काम मीच आणलं. आणि शिबिर मीच बुडवलं. आई म्हणाली, "तू तरी जा लातूरला. सांगून ये त्या सिद्धम्माला." ती स्वतःचं लुगडं घडी करत होती, कशाला कोण जाणे.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार. गाडीत. अक्षर हलतंय.

पावणेसातला फाट्यावर मी आणि आई. निशाण गुंडाळलेलं. पोरी नाहीत. पलीकडं खडीच्या ढिगापाशी बाया जमलेल्या, टोपल्या, हातोडे. मी तिकडं बघायचं टाळत होते. गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "चला चला, बाई." मी पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात पार्वतीबाईचा आवाज, सगळ्या माळावर घुमेल असा. "थांबवा गाडी!"

गावाच्या वाटेनं पोरी येत होत्या. नऊच्या नऊ, स्कार्फ बांधलेल्या, दोन-दोनच्या रांगेत. आणि प्रत्येकीच्या कडेवर एक लेकरू. शेंबडं, काजळ घातलेलं, झबलं उलटं घातलेलं, एक नुसतंच करदोट्यावर.

पार्वतीबाई धापा टाकत खिडकीशी आली. "लई डोकं चालवलं, बाई. लेकरं हितं ऱ्हायली तर पोरी ऱ्हात्यात. मंग लेकरं बी न्या. काम बी बुडत न्हाई, तुमचं ते बी बुडत न्हाई."

"अहो, पण तीन दिवस! दूध, भात..."

"तुमची आई हाय की संगं. कालच बोललो आमी."

मी आईकडं वळले. ती पिशवीसकट केव्हाच वर चढून खिडकीची जागा धरून बसली होती.

कंडक्टरनं टोपी काढून डोकं खाजवलं. "एक कॅप्टन, एक आजी, नऊ गाईड. आन् ही नऊ कोण?"

"गाईडच," मी म्हटलं. "बारक्या."

गाडी हलली. खडीवरच्या बायांनी हातोडे वर केले. पोरी खिडकीतून बाहेर अर्ध्या लोंबकळल्या, लेकरं भोकाड पसरून रडायला लागली, आणि मी रडतेय की हसतेय ते मलाच कळेना. पार्वतीबाईची पोरगी माझ्या शेजारी बसलीय. तिनं भाऊ माझ्या मांडीवर दिला आणि खिडकीतून मान काढून विचारलं, "बाई, लातूर आलं की सांगाल ना? मी पयल्यांदा बगणार हाय."

मी सांगितलं, सांगीन. मांडी ओली झालीय.